कापडबाजार आणि जाणते गिऱ्हाईक

अन्न, वस्त्र आणि निवारा या तीन गरजांची नावे आपण नेहमी एका दमात घेतो. परंतु त्यांच्या खरेदीत आपण जी सावधगिरी दाखवतो, ती मात्र सारखी नसते. घर घ्यावयाचे असेल तर माणूस कागदपत्रे दहा वेळा वाचतो आणि चार जाणत्यांचा सल्ला घेतो. धान्य घ्यावयाचे असेल तर गृहिणी मूठभर तांदूळ तळहातावर पसरते, एखादा दाणा दाताखाली धरून पाहते आणि तांदूळ नवा की जुना ते सांगते. कापडाच्या दुकानात मात्र हीच चोखंदळ माणसे रंग पाहतात, भाव विचारतात आणि पुडके काखेत मारून बाहेर पडतात. पुढे पहिल्या धुण्यात कापड आपले खरे स्वरूप दाखवते. मग दोष कधी शिंप्याला, कधी साबणाला, तर कधी नशिबाला दिला जातो.

पूर्वी घराघरांत अशी एखादी वडीलधारी बाई असे, की जी कापडाची घडी मुठीत चुरगळून, त्याचा काठ उलटून पाहून आणि एखादा धागा ओढून त्याची जात सांगू शके. तयार कपड्यांचा प्रसार झाला, शिवून घेण्याची रीत कमी झाली आणि ही विद्या घरातून हळूहळू निघून गेली. ती नाहीशी मात्र झालेली नाही. कापडबाजारात ती अजून जिवंत आहे. तिची थोडीशी ओळख करून देणे, आणि ती आपल्याला का हवी याचा विचार करणे, एवढाच या भाषणाचा हेतू आहे. उदाहरणासाठी मी मुंबईचा कापडबाजार घेतला आहे. पण जे मुंबईत लागू पडते तेच दिल्लीच्या चांदणी चौकातील कटरा नील व किनारी बाजार येथे, इंदूरच्या तुकोजीराव कापड मार्केटात किंवा पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरही थोड्याफार फरकाने लागू पडेल.

मुंबई आणि कापड यांचे नाते जुने आहे. १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी येथे पहिली कापूसगिरणी काढण्याचा उपक्रम केला आणि पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, भायखळा हा सारा भाग धुराड्यांनी भरून गेला. गिरणीत निघालेला माल व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर येई आणि तेथून देशभर जाई. या पेढ्या कोटाच्या उत्तरेस, काळबादेवी व शेख मेमन रस्त्याच्या आसपास वसल्या. मुळजी जेठा मार्केट आणि सर मंगळदास नथुभाई यांच्या नावाने ओळखले जाणारे मंगळदास मार्केट ही त्या वस्तीची दोन मोठी ठाणी होत.

या रस्त्यांनी केवळ व्यापार पाहिलेला नाही. ३१ जुलै १९२१ रोजी परळ येथे एका गिरणीच्या आवारात महात्मा गांधींच्या हस्ते परदेशी कापडाची मोठी होळी झाली. १२ डिसेंबर १९३० रोजी बाबू गेनू हा पुणे जिल्ह्यातील महाळुंगे पडवळचा गिरणी कामगार परदेशी कापडाने भरलेली मोटारलॉरी अडविण्यासाठी काळबादेवी रस्त्यावर आडवा झाला. लॉरी त्याच्या अंगावरून गेली आणि त्याच दिवशी त्याला मृत्यू आला. कापड कोणाचे घ्यावे हा प्रश्न त्या काळी प्राणाच्या मोलाचा होता. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि त्यानंतर मुंबईतील गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. धुराडी गेली, बाजार मात्र राहिला. आज तेथे येणारा माल भिवंडी, इचलकरंजी, मालेगाव, सुरत, भिलवाडा, जेतपूर, इरोड अशा दूरदूरच्या गावांतून येतो. दुकानाच्या फळ्यांवर रचलेले तागे म्हणजे एका अर्थी हिंदुस्थानचा नकाशाच होय. मात्र तो वाचता आला पाहिजे.

प्रथम बाजाराची रचना ध्यानात घेऊ. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून उत्तरेकडे चालत निघाले की थोड्याच वेळात महात्मा जोतिबा फुले मंडई लागते. १८६९ साली बांधून पुरी झालेली ही मंडई लोकांच्या तोंडी अजून ‘क्रॉफर्ड मार्केट’च आहे. तिच्या समोरून शेख मेमन रस्ता आत शिरतो. जुम्मा मशिदीच्या शेजारी मंगळदास मार्केट आहे. छपराखाली अरुंद गल्ल्या, दोन्ही अंगांना खेटून बसलेली दुकाने, आणि दुकानांपुढे छातीएवढे उंच रचलेले तागे असे त्याचे रूप आहे. येथे घाऊक व फुटकळ असे दोन्ही व्यवहार चालतात. एका पोलक्यापुरते कापडसुद्धा मिळते. पुढे मुळजी जेठा मार्केट लागते. तेथील पेढ्यांवर आजही पांढऱ्या गाद्या घातलेल्या दिसतात. तो मुख्यतः घाऊक व्यापार. तेथे मीटरात नव्हे, ताग्यांत बोलणे होते. त्याहून पुढे भुलेश्वर. तेथील तिसऱ्या भोईवाड्यात व आजूबाजूच्या गल्ल्यांत लेस, गोटा, जर, टिकल्या, मणी, गोंडे, बटणे असे शोभेचे आणि जोडणीचे सामान मिळते. म्हणजे आधी कापड आणि मग त्याचा साज, हा शिवणकामाचा जो क्रम, तोच या रस्त्याचाही क्रम आहे. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात आणि सणांच्या आधी पाय ठेवावयास जागा नसते. म्हणून आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जावे. दुकानदाराची भवानी नुकतीच झालेली असते, गर्दी कमी असते आणि दोन प्रश्न अधिक विचारले तर तो त्रासत नाही.

मात्र बाजारात पाऊल टाकण्यापूर्वी खरेदीचा अर्धा भाग घरीच उरकावयाचा असतो. काय शिवावयाचे, कोणाच्या मापाचे, बाह्या किती, घेर किती, अस्तर हवे की नको, हे शिंप्याला विचारून कागदावर टिपून न्यावे. कापड आधी आणि बेत मागून असे केले, म्हणजे एक तर कापड कमी पडते, नाही तर उरलेल्या तुकड्यांचे गाठोडे पेटीत साठत जाते.

आता मापाची गोष्ट. कापडाच्या व्यवहारात ज्या एका शब्दाचा अर्थ न समजल्यामुळे सर्वांत अधिक पैसे वाया जातात, तो शब्द म्हणजे ‘पन्हा’, अर्थात कापडाची रुंदी. भाव सांगितला जातो तो लांबीचा. पण आपण विकत घेतो ते क्षेत्रफळ. समजा, एका कापडाचा भाव मीटरला २०० रुपये आहे आणि पन्हा ३६ इंच आहे; दुसऱ्याचा भाव २९० रुपये आणि पन्हा ५८ इंच आहे. ऐकताक्षणी पहिले कापड स्वस्त वाटते. हिशेब केला तर पहिले चौरस मीटरला सुमारे २१९ रुपयांना पडते आणि दुसरे सुमारे १९७ रुपयांना. पूर्ण बाह्यांच्या एका सदऱ्याला पहिले कापड अंदाजे अडीच मीटर लागेल, म्हणजे ५०० रुपये. दुसरे अंदाजे १.६० मीटर पुरेल, म्हणजे ४६४ रुपये. तेव्हा भाव विचारण्यापूर्वी पन्हा विचारावा. हा एक प्रश्न केला तरी गिऱ्हाईक अगदीच अजाण नाही हे दुकानदाराला कळते.

मापांच्या बाबतीत आपला व्यवहार मोठा मिश्र आहे. १९५६ च्या कायद्याने दशमान वजनेमापे आली आणि १९६२ पर्यंत ती सर्वत्र सक्तीची झाली. दुकानात लांबी मीटरने मोजली जाऊ लागली. परंतु पन्हा अजून इंचांतच सांगतात, शिंपी छाती आणि कंबर इंचांतच घेतो, आणि आपली लुगडी तर अद्याप वारांतच नांदतात. नऊवारी म्हणजे नऊ वार, अर्थात ८.२३ मीटर, सहावारी म्हणजे सुमारे ५.४९ मीटर. वार ३६ इंचांचा आणि मीटर ३९.३७ इंचांचा, या दोहोंतील सव्वातीन इंचांहून अधिक असलेला फरक ध्यानात ठेवलेला बरा. आजीच्या तोंडून ऐकलेली वारांची मापे मीटर समजून घेतली तर कापड उगाच जास्त येते. उलट केले तर बाही अपुरी राहते. मोजताना कापड पट्टीवर सैल व सपाट ठेवलेले असावे, ताणलेले नसावे. मोजपट्टीवर वैध मापन खात्याचा शिक्का असावा लागतो, आणि तो पाहू मागण्याचा गिऱ्हाइकाला पूर्ण अधिकार आहे.

यापुढची गोष्ट कापड वाचण्याची. प्रत्येक विणलेल्या कापडात उभे धागे आणि आडवे धागे असतात. त्यांनाच आपण ताणा आणि बाणा म्हणतो. उभा धागा किनारीला समांतर जातो आणि तो सहसा अधिक बळकट असतो. कपडा बेतताना उभा धागा अंगावर उभाच यावा लागतो. तो तिरका आला तर धुतल्यावर विजार पायाभोवती पिळवटते. सुती पॉपलिनसारखे कापड दुकानदार कात्रीने थोडे चिरून मग हाताने टरकन फाडतो. पुष्कळांना हा अडाणीपणा वाटतो. वास्तविक फाडलेली कड एकाच आडव्या धाग्याच्या अनुरोधाने जाते, त्यामुळे ती कात्रीपेक्षा सरळ असते. कडेला किंवा गळ्याला वळणदार पट्टी लावावयाची असेल तर मात्र कापड मुद्दाम तिरके, म्हणजे उरेब कापतात. कारण उरेब कापड ताणले जाते आणि वळणावर बसते.

धाग्याचा बारीकपणा ‘नंबरा’ने सांगतात. ८४० वारांची एक लडी धरली, तर एक पौंड सुतात अशा जितक्या लड्या भरतील तितका त्या सुताचा नंबर. ४० नंबरी सुताचा एक पौंड म्हणजे ३३,६०० वार, सुमारे ३१ किलोमीटर लांबीचा धागा. ८० नंबरीचा त्याच्या दुप्पट. म्हणून नंबर वाढला की धागा बारीक होतो. मांजरपाट जाड सुताचा, तर मलमल व वायल बारीक सुताची. परंतु बारीक म्हणजे नेहमीच चांगले असे नव्हे. रोजच्या राबत्या कपड्याला मध्यम सुताचे, घट्ट विणीचे कापड अधिक दिवस टिकते. कापड उजेडासमोर धरावे. वीण सारखी आहे की मधूनमधून विरळ आहे, हे एका दृष्टिक्षेपात कळते.

कापडाचा भारदस्तपणा हा कित्येकदा सुताचा नसून खळीचा असतो. विरळ विणीचे कापड भरपूर खळ देऊन कडक आणि वजनदार करता येते. अशा कापडाचा कोपरा दोन्ही हातांत धरून चोळावा. पांढरी भुकटी पडली आणि चोळलेला भाग लुळा झाला, म्हणजे आपण पैसे सुताचे देत आहोत की पिठाचे याचा विचार करावा. रंग पक्का आहे की नाही हे पाहण्यास ओला पांढरा रुमाल पुरे. तो कापडावर चार वेळा घासावा. गडद लाल, निळे आणि काळे रंग या परीक्षेतून घालवल्याशिवाय पांढऱ्या कापडाशी जोडू नयेत. आटण्याविषयी तर दुकानदाराचा शब्द हा हमीपेक्षा सौजन्याचा भाग असतो. कापड आधीच आटवून स्थिर करण्याची यांत्रिक रीत सॅनफर्ड क्लूएट या अमेरिकन माणसाने शोधून काढली आणि १९३० मध्ये तिचे पेटंट घेतले. ‘सॅनफोराइज्ड’ हा शब्द तेव्हापासूनचा. तशी प्रक्रिया न झालेले सुती कापड शिवण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवावे, हा जुना नियम आजही तितकाच खरा आहे.

कापूस, रेशीम आणि कृत्रिम धागा यांतील भेद डोळ्यांना फसवितो, पण आगीला फसवीत नाही. घरी नमुना आणून त्यातील दोन-चार धागे चिमट्यात धरून जाळावे. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची मऊ राख होते. रेशीम व लोकर यांना केस जळल्यासारखा वास येतो. पॉलिएस्टर वितळून त्याचा कठीण मणी बनतो. व्हिस्कोस म्हणजे रेयॉन हा सुतासारखाच जळतो. म्हणून त्याची परीक्षा पाण्याने करावी. सुती धागा ओला केल्याने अधिक बळकट होतो, तर रेयॉनचा धागा ओला केला की सहज तुटतो. कृत्रिम धागा वाईट असे मला म्हणावयाचे नाही. पावसाळ्यात वाळणारा, इस्तरी न मागणारा टेरिकॉटचा सदरा हा नोकरदाराचा मोठा सोबती आहे. वाईट काही असेल तर ते एकाच्या नावाने दुसरे विकणे होय.

मुख्य कापड ठरले की अस्तराकडे वळावे. अस्तर आत असते म्हणून ते कसेही चालते, ही समजूत चुकीची आहे. वरचे कापड आटत नसेल आणि अस्तर आटत असेल तर पहिल्याच धुण्यानंतर पोलक्याला सुरकुत्या पडतात आणि शिलाई ओढली जाते. म्हणून सुती अस्तर आणि साडीचा फॉल हे दोन्ही शिवण्यापूर्वी भिजवून घ्यावेत. रंग जुळविण्याच्या कामी छपराखालच्या बाजारातील दिव्यांवर विश्वास ठेवू नये. दोन कापडे दिव्याखाली एकरंगी दिसतात आणि उन्हात निराळी होतात; कारण त्यांचे रंगद्रव्य निराळे असते. नमुन्याचा तुकडा घेऊन दुकानाच्या बाहेर, दिवसाच्या प्रकाशात यावे. कोणताही चांगला दुकानदार त्यास हरकत घेत नाही. आणि लागणारे सर्व कापड एकाच वेळी, एकाच ताग्यातून घ्यावे. दुसऱ्या खेपेस आलेल्या मालाची छटा बहुधा सूतभर वेगळी असते.

येथून पुढे भुलेश्वर. तेथे गेल्यावर मापांचे जग पुन्हा बदलते. बटणे डझनाने आणि ग्रोसाने, म्हणजे १४४ च्या हिशेबाने विकली जातात. लेस मीटरने मिळते, पण पुरी गुंडाळी घेतली तर भाव उतरतो. बटणाचे माप ‘लाइन’ या परिमाणात असते. ४० लाइन म्हणजे एक इंच. सदऱ्याचे बटण साधारणतः १८ लाइनचे, अर्थात साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास असते. काजे करून झाल्यावर बटणे आणावयास जाणे म्हणजे कुलूप आधी आणि किल्ली मागून घडविणे होय. बटणे आधी आणून शिंप्याच्या हाती द्यावीत. हुक व टिचबटणे घेताना खिशात लहानसे लोहचुंबक असावे. चुंबकाला चिकटणारा हुक लोखंडाचा असतो. त्याचा मुलामा उडाला की तो गंजतो आणि पोलक्यावर कधीही न निघणारा डाग पाडतो. चेन दहा वेळा उघडून मिटून पाहावी. इलॅस्टिक ताणून सोडावे. ते पूर्ववत होत नसेल तर ते दुकानातच थकलेले आहे असे समजावे. रिळाचा दोरा कापडाहून किंचित गडद घ्यावा, कारण रिळावर दिसतो त्यापेक्षा शिवल्यावर तो फिका दिसतो.

जरीच्या बाबतीत तीन प्रकार ओळखले पाहिजेत. खरी जर म्हणजे रेशमी धाग्याभोवती गुंडाळलेली चांदीची चपटी तार आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. दुसरी नकली जर; तिची तार तांब्याची आणि मुलामा चांदीचा. तिसरी प्लास्टिकच्या पापुद्र्यावर धातूचा थर दिलेली. दुकानाच्या दिव्यात तिघीही सारख्याच झळकतात. परंतु दुसरी काही वर्षांत काळवंडते आणि तिसरी गरम इस्तरीखाली आकसून जाते. शाळेतल्या स्नेहसंमेलनाच्या पोशाखाला तिसरी जर पुरे आहे. मुलीच्या लग्नातल्या शालूला ती लावणे हा अपव्यय आहे, कारण शालू टिकेल आणि काठ टिकणार नाही. साज हा कापडाच्या आयुष्याशी मिळता असावा, हे या साऱ्या खरेदीचे एक साधे सूत्र आहे.

भावाच्या घासाघिशीविषयी पुष्कळांच्या मनात एक तर भीती असते, नाही तर फाजील उत्साह असतो. वस्तुतः घासाघीस हा ज्ञानाचा व्यवहार आहे. ज्याला पन्हा, नंबर आणि वीण समजते, त्याने शेजारच्या तीन दुकानांत तोच माल पाहिला असेल तर त्याला आवाज चढवावा लागत नाही. ‘ताग्याचा भाव काय आणि फुटकळ भाव काय’ एवढे विचारले तरी बोलणे योग्य पातळीवर येते. दोघा-तिघा शेजाऱ्यांनी मिळून खरेदी केली तर घाऊक भावाचा लाभही होतो. कल्याण, डोंबिवली, विरारकडून गाडीने येऊन घरच्या शिवणयंत्रावर चार पैसे मिळविणाऱ्या स्त्रिया नेमके हेच करतात. दर डझनामागे वाचलेले पाच रुपये हा त्यांच्या मिळकतीचाच भाग असतो. त्यांच्याइतके दक्ष गिऱ्हाईक या बाजारात दुसरे नाही. पक्की पावती मात्र अवश्य घ्यावी. पावतीवाचून केलेली तक्रार ऐकून घेतली गेली तरी सिद्ध करता येत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एवढी सारी खटपट कशासाठी? तयार कपडा तासाभरात घरपोच मिळत असताना धागे जाळीत आणि रुमाल घाशीत कोणी बसावे? दोन पैसे वाचविणे एवढाच हेतू असता तर मी हा विषय श्रोत्यांपुढे मांडला नसता. यात आणखी कोणाचे तरी हित गुंतलेले आहे, आणि ते म्हणजे चांगले कापड विणणाऱ्याचे.

हाताने कातलेल्या सुताचे, हातमागावर विणलेले कापड ती खादी; गिरणीचे सूत पण हातमागावरची वीण ते हातमाग कापड; आणि विजेच्या मागावरचे ते यंत्रमाग कापड. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली आला. यंत्रमाग हा आपल्या लाखो लोकांचा पोशिंदा आहे आणि त्याच्या कापडाला स्वतःचे मोल आहे. अडचण उत्पन्न होते ती यंत्रमागाचा माल हातमागाच्या नावाने आणि भावाने विकला जातो तेव्हा. पैठणीचे उदाहरण घ्या. येवल्याच्या हातमागावर विणलेल्या पैठणीच्या पदरावरील मोर वा कमळ उलट बाजूनेही जवळजवळ तसेच दिसते, कारण प्रत्येक रंगाचा धागा हाताने जागच्या जागी गुंतविलेला असतो. यंत्रावरच्या नकलेत पाठीमागे मोकळे धागे लोंबत असतात, किंवा ते कापून टाकलेले दिसतात. पदर उलटून पाहण्यास एक क्षण पुरतो. पण तो क्षण ज्या गिऱ्हाइकाला ठाऊक नाही, त्याच्यापुढे महिनोन् महिने मागावर बसलेला विणकर आणि चार तासांत शंभर नकला छापून आणणारा दलाल हे दोघे एकाच मोलाचे ठरतात. अशा स्पर्धेत प्रामाणिक माणूस हरतो. त्याचे हात कमी कुशल असतात म्हणून तो हरत नाही. ते कौशल्य पाहणारे डोळे उरलेले नसतात म्हणून हरतो.

शासनाने आपल्या परीने उपाय केले आहेत. १९८५ च्या कायद्याने काही वस्त्रप्रकार हातमागासाठी राखून ठेवले. २००४ पासून शुद्ध रेशमासाठी ‘सिल्क मार्क’ आणि २००६ पासून हातमागासाठी ‘हँडलूम मार्क’ अशा खुणा आल्या. मी स्वतः सरकारी नोकर असल्याने नियमांचे महत्त्व कमी लेखणार नाही. परंतु नियमांची मर्यादाही मला जवळून माहीत आहे. निरीक्षक प्रत्येक दुकानात प्रत्येक दिवशी उभा राहू शकत नाही. गिऱ्हाईक मात्र रोज तेथे असते. कायद्याने खूण दिली तरी ती खूण मागून घेणारा माणूस लागतो. कोणी मागितलीच नाही तर ती ताग्याच्या तळाशी पडून राहते.

दुकानदारांविषयीही न्यायाने बोलले पाहिजे. या बाजारात पिढ्यान् पिढ्या बसलेली अशी माणसे आहेत, की ज्यांची बोटे कापडाला लागताच त्याचे गाव ओळखतात. त्यांना आपली विद्या सांगावयास आवडते. विचारणारेच कमी झाले आहेत. ‘स्वस्तातले दाखवा’ असे म्हणणाऱ्याला ते स्वस्तातलेच दाखवितात. ‘हे किती धुण्यांपर्यंत टिकेल?’ असे विचारणाऱ्यापुढे ते दुसरा तागा उलगडतात. म्हणजे बाजारात चांगला माल राहावा की हलका, हे पुष्कळ अंशी आपल्या तोंडच्या प्रश्नावर अवलंबून असते.

बाबू गेनूच्या काळी कापड घेताना एकच गोष्ट पाहावयाची होती, ते देशी की परदेशी. आजचा प्रश्न तितका सुटसुटीत नाही. एकाच फळीवर देशातलाच चांगला माल आणि देशातलाच फसवा माल शेजारी शेजारी बसलेले असतात, आणि त्यांतून निवड करण्यासाठी घोषणा पुरत नाही, पारख लागते. ती पारख पुस्तकातून अर्धीच येते. मुलगा किंवा मुलगी चौदा-पंधरा वर्षांची झाली, की एकदा त्यांना बरोबर घेऊन कापडबाजारात जावे, त्यांच्या हाती ताग्याचा कोपरा द्यावा, पन्हा विचारावयास सांगावे आणि पदर उलटून दाखवावा. एका दुपारच्या या फेरीने त्यांना जन्मभर पुरेल असे काही शिकावयास मिळेल, आणि कोठे तरी दूर गावी मागावर बसलेल्या, त्यांना कधीही न भेटणाऱ्या एखाद्या विणकराच्या कष्टाला त्याचा रास्त मोबदला मिळण्याची शक्यता थोडी वाढेल.